परक्यांचा संसार, वऱ्हाडचा हिशेब

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्याआधी सात महिने, २० सप्टेंबर २०२४ रोजी, नांदगाव पेठ येथे सुमारे एक हजार एकरांवर उभ्या राहावयाच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची पायाभरणी झाली होती. या दोन घटनांची सांगड घालून वऱ्हाडच्या औद्योगिक भवितव्याची चर्चा सध्या उत्साहाने चालू आहे. किती भांडवल येणार, किती चात्या फिरणार, किती हातांना काम मिळणार, याचे आकडे मांडले जातात. या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भांडवलामागून माणसे येतात आणि माणसांमागून त्यांचे संसार येतात. यंत्रे बसविणारा परदेशी तंत्रज्ञ किंवा मुंबई-कोइमतूरकडचा अनुभवी व्यवस्थापक येथे राहावयाचा, तर त्याची पत्नी आणि मुले येथे रुळणार कशी?

प्रश्न घरगुती वाटतो, पण तो अर्थशास्त्राचाच आहे. दूरच्या प्रदेशात संसार मांडणाऱ्या कुटुंबाला विकासदर ठाऊक नसतो. त्याला पाणी, शाळा, डॉक्टर आणि मे महिना ठाऊक असतो. या चार गोष्टी मिळवून देण्यासाठी जो खर्च होतो तो कोण करतो, आणि त्यातून उभे राहिलेले कोणाच्या उपयोगी पडते, यावर त्या प्रदेशाचे बरेवाईट अवलंबून असते. वऱ्हाडला हा हिशेब नवा नाही. त्याने तो एकदा पुरा मोजून चुकता केलेला आहे.

कापसामागून आलेले संसार

निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या व्यापारी जगाचे लक्ष गेले. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग त्याच दशकात अकोला आणि बडनेऱ्यावरून पुढे सरकला. जलंब-खामगाव हा फाटा १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला आणि लगोलग बडनेरा-अमरावती फाटाही झाला. ज्या वर्षी खामगावला गाडी आली त्याच वर्षी समुद्राखालची तार मुंबईला पोचली, आणि लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारात आठवड्यांऐवजी तासांच्या हिशेबाने कळू लागला.

या तारेबरोबर आणि गाडीबरोबर माणसे आली. मूळचे ग्रीक असलेले रॅली बंधू, स्वित्झर्लंडच्या विंटरथुर गावचे फोलकार्ट बंधू यांसारख्या पेढ्यांचे गुमास्ते खरेदीसाठी या मुलुखात वावरू लागले. रेल्वेचे अभियंते, मुलकी अधिकारी, मिशनरी, डॉक्टर यांची कुटुंबेही आली. ज्या कुटुंबाने बर्फाळ हिवाळे पाहिलेले, त्याने पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढणाऱ्या अकोल्यात घर मांडावयाचे. तेही पूर्णेच्या खोऱ्यातील अशा पट्ट्याशेजारी, की जेथे विहीर खोदली तर पाणी लागते पण ते तोंडात धरवत नाही. खारपाणपट्ट्याचे दुःख येथल्या कास्तकाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परक्या गृहिणीला ते पहिल्या घोटातच कळले असेल.

या कुटुंबांचे हाल झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पटकी आणि हिवताप साहेब-कास्तकार असा भेद करीत नसत. मूल सहासात वर्षांचे झाले की त्याला शिक्षणासाठी मायदेशी धाडावयाचे आणि वर्षानुवर्षे त्याचे तोंड पाहावयाचे नाही, हा त्या काळच्या अँग्लो-इंडियन संसाराचा रिवाजच होता. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला तर पाचव्याच वर्षी इंग्लंडात परक्यांच्या घरी ठेवण्यात आले, आणि त्या दिवसांचा सल त्याच्या मनात आयुष्यभर राहिला. दुःख खरेच होते. प्रश्न आहे तो त्या दुःखावर काढलेल्या उपायांचा.

उन्हाळ्याचा उपाय

उपाय दोन प्रकारचे होते. पहिला उपाय कुंपणाचा. परकोटातल्या दाट वस्तीच्या अमरावतीपासून अलग अशी रुंद रस्त्यांची, मोठ्या आवारांची वसाहत झाली. 'कॅम्प' हे तिचे नाव आजही अमरावतीकरांच्या तोंडी आहे. बंगल्याच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागल्या. त्यांवर पाणी शिंपडणारा वेगळा, पंख्याची दोरी ओढणारा वेगळा, पखालीने पाणी आणणारा भिस्ती वेगळा. शिवाय खानसामा, आया आणि धोबी होतेच. परक्या कुटुंबाने हवेशी जुळवून घेतले असे पुस्तकांतून लिहिलेले आढळते. वस्तुतः हवेशी जुळवून घेत होती ती ही पाचसहा माणसे. साहेबाच्या खोलीतला गारवा हा बाहेर उन्हात बसून दोरी ओढणाऱ्याच्या स्वस्त श्रमाचा गारवा होता.

त्यातूनही उन्हाळा निभेना तेव्हा डोंगर होता. गाविलगडच्या रांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदऱ्याची थंड हवा आहे. हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ साली तिचा 'शोध' लावला असे नमूद आहे. कोरकू आणि गवळी लोक त्या डोंगरात आधीपासूनच राहत होते, त्यामुळे शोध हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे ते वेगळे सांगावयास नको. तेथे बंगले झाले, बागा झाल्या, कॉफीची लागवड झाली. उन्हाळ्यात साहेबाचा संसार डोंगरावर जाई आणि पावसाळ्यानंतर खाली येई. ज्या मेळघाटाने परक्या मुलांना थंड हवा दिली, त्याच मेळघाटातील कोरकू बालकांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंची बातमी १९९३ साली देशभर गाजली. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्या डोंगराची चढण साहेबासाठी जेवढी सोपी झाली, तेवढी कोरकू आईसाठी दवाखान्याची वाट सोपी झाली नव्हती.

भरपाई कोणाच्या खिशातून?

या राहणीचा खर्च कसा भागे, हे पाहिले म्हणजे अर्थकारण उघड होते. साहेबाचा पगार रुपयांत होता, मुलांच्या शाळेचा खर्च पौंडांत. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ दोन शिलिंग मिळत. पुढे चांदीचा भाव कोसळत गेला आणि १८९४-९५ पर्यंत रुपया सुमारे एक शिलिंग एक पेन्सवर आला. परदेशी पैसे धाडणाऱ्या कुटुंबाचे अंदाजपत्रक साहजिकच कोलमडले. तेव्हा सरकारने १८९३ साली 'विनिमय भरपाई भत्ता' सुरू केला. युरोपीय अधिकाऱ्याच्या पगाराचा अर्धा हिस्सा, ठरावीक मर्यादेपर्यंत, एक शिलिंग सहा पेन्स या चढ्या दराने धरावयाचा आणि फरक हिंदुस्थानच्या तिजोरीने सोसावयाचा, असा तो प्रकार होता.

रुपया घसरल्याने कापूस निर्यात करणाऱ्याला काही लाभ होत असे, हे नाकारता येत नाही. परंतु तो लाभ दलाल-अडत्यांच्या हातांतून झिरपत कास्तकारापर्यंत किती पोचे, हा भाग अलाहिदा. भत्त्याचा भार मात्र सारा देणाऱ्यावरच पडत होता, आणि त्या काळी सरकारी उत्पन्नाचा एक मोठा आधार जमीनमहसूल हाच होता. म्हणजे परदेशात शिकणाऱ्या मुलाच्या फीचा तुटीचा भाग शेतसारा भरणारा कुणबी भरत होता, ज्याच्या स्वतःच्या मुलाच्या गावी बहुधा शाळाच नव्हती. दादाभाई नौरोजींनी ज्या संपत्तीच्या अपहाराची मांडणी केली, त्याचा हा घरगुती नमुना होय. काँग्रेसनेही या भत्त्यावर टीका केली.

काँग्रेसचे अधिवेशन १८९७ च्या डिसेंबरात खुद्द अमरावतीस भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर होते, आणि स्वागताची धुरा दादासाहेब खापर्ड्यांनी वाहिली होती. त्याच्या आदल्याच हंगामात दुष्काळ पडून गेला होता. दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, त्याहून भीषण दुष्काळ आला. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या गणनेत सुमारे २९ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. कापसाच्या गाठी मुंबईकडे नेणारी गाडी आणि भाव सांगणारी तार जगातील उत्तम म्हणावी अशी होती, तरीही हे घडले. प्रदेश जगाशी जोडला गेला म्हणजे त्यातील माणूस सुरक्षित झाला असे होत नाही, एवढा धडा यातून घ्यावयास हरकत नाही.

जे मागे राहिले

दुसरा उपाय कुंपणाबाहेरचा होता. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ साली स्त्रियांच्या वैद्यकीय साहाय्यासाठी निधी उभारला. अमरावतीचे स्त्री रुग्णालय आजही लोकांच्या तोंडी 'डफरीन' आहे, सर्वसाधारण रुग्णालय 'आयर्विन' आहे, आणि अकोल्याचे स्त्री रुग्णालय 'लेडी हार्डिंग' आहे. अचलपूरजवळच्या कोठारा येथील कुष्ठरुग्णालय मिशनच्या लोकांनी उभारले. त्यांच्या कार्यात धर्मप्रसाराचा हेतू होताच, आणि त्यावर मतभेदही होते. पण ज्या रोग्याला आप्तांनी घराबाहेर काढले त्याच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या, हेही तेवढेच खरे आहे. किंग एडवर्ड कॉलेज १९२३ साली निघाले. त्याचेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि वऱ्हाडच्या कित्येक पिढ्या तेथे शिकल्या.

दोन्ही उपायांचा ताळेबंद आज मांडता येतो. वाळ्याच्या ताट्या, क्लब आणि घोडागाड्या गेल्या. कापसासाठी घातलेली मूर्तिजापूर-अचलपूर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद लोहवाट, जिला पुढे लोकांनी प्रेमाने 'शकुंतला' म्हटले, तीही अखेर थांबली. फोलकार्टच्या हिंदुस्थानातील व्यवसायातून १९५४ साली टाटांच्या भागीदारीत 'व्होल्टास' निघाली, पण ती मुंबईत. वऱ्हाडला राहिले ते रुग्णालय आणि कॉलेज. ज्या सोयी परक्यांनी आपल्यापुरत्या केल्या त्या त्यांच्याबरोबर संपल्या. ज्या सर्वांसाठी झाल्या त्या टिकल्या.

घरचेच परके

आता वर्तमानाकडे वळावे. साहेब गेले, परंतु कुंपणाचा उपाय गेला नाही. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यात नेमणूक झालेला शिक्षक, कारकून वा डॉक्टर आपले कुटुंब अमरावतीत किंवा परतवाड्यात ठेवतो आणि स्वतः एकटा राहतो, किंवा रोज घाट चढतो आणि उतरतो. त्याला दोष देणे सोपे आहे. पण मुलीला पुढे चांगली शाळा नाही, रात्री पत्नीला कळा सुरू झाल्या तर शस्त्रक्रियेची सोय जवळ नाही, पावसाळ्यात वीज आणि रस्ता यांचा भरवसा नाही, अशा जागी संसार न्या म्हणून सांगणाऱ्याने आधी स्वतःचा संसार कोठे आहे ते पाहावे.

शासनाचा यावरील उपाय मात्र १८९३ च्या उपायाशी साम्य राखून आहे. आदिवासी भागातील कर्मचाऱ्याला २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ देण्यात येतो. तो त्याचा हक्क आहे, आणि तो काढून घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु भत्ता गैरसोयीची किंमत देतो, गैरसोय कमी करीत नाही. शिवाय ती किंमत केवळ बाहेरून आलेल्याला मिळते. त्याच गावात जन्मलेल्या कोरकू मजुराला त्याच गैरसोयीत राहण्याचा भत्ता कोण देणार? डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्याने बैरागडला संसारच मांडला, म्हणून त्यांचे नाव सर्वत्र झाले. पण एका कुटुंबाच्या त्यागावर जे चालते ते धोरण नव्हे. तो अपवाद होय, आणि अपवादाचा सत्कार करून धोरणाची उणीव भरून निघत नाही.

नांदगाव पेठेस उद्या हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहील. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांसाठी आवाराच्या आत शुद्ध पाणी, अखंड वीज, इंग्रजी शाळा आणि दवाखाना करणे अवघड नाही. उद्योगपती ते करतीलही. मग आत एक गाव होईल आणि बाहेर दुसरे. आतल्या गावाचे दिवस कारखाना चालेपर्यंतचे असतील. अचलपूरची फिनले मिल हे त्याचे जवळचे उदाहरण आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ही आधुनिक गिरणी मोठ्या आशेने सुरू झाली, आणि २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली ती पडलीच. कारखाना बंद होतो तेव्हा व्यवस्थापकाचा संसार गाडीत बसून दुसऱ्या गावी जातो. कामगाराचा संसार तेथेच राहतो. त्या दिवशी त्याच्या हाती काय उरते, ते गावात काय उभे केले होते त्यावर ठरते.

म्हणून येणाऱ्या परक्या कुटुंबाच्या मागण्यांकडे तुच्छतेने पाहू नये. त्याला गोडे पाणी हवे असते, ते दर्यापूर आणि अकोटच्या खारपाणपट्ट्यातील गृहिणीलाही हवे असते. त्याला रात्री डॉक्टर हवा असतो, तो धारणीलाही हवा असतो. त्याला मुलांसाठी चांगली शाळा हवी असते, ती नगरपरिषदेच्या शाळेतल्या मुलांनाही हवी असते. परका माणूस आपली गैरसोय मोठ्याने बोलून दाखवितो आणि त्याचे ऐकले जाते. गावचा माणूस तीच गैरसोय प्रारब्ध म्हणून सोसतो. फरक एवढाच आहे. नळ आवाराच्या आत बसवावयाचा की रस्त्यावरून गावातून न्यावयाचा, हा निर्णय पायाभरणीच्या वेळीच घ्यावा लागतो. मागाहून भिंत पाडणे कठीण जाते.

परक्याचा संसार वऱ्हाडात सुखाने रुळावा हे योग्यच आहे. मात्र त्यासाठी कॅम्प उभारावयाचा की डफरीन, हे या वेळी वऱ्हाडने स्वतः ठरवावयाचे आहे.