गच्चीवरचा कान आणि डोंगराआडचे हेलिकॉप्टर

"मॅडम, शेजारच्या पोराने गच्चीवर एरियल बसवलंय. त्याच्यावर विमानं दिसतात म्हणे. त्या लहरींनी माझ्या नातवाला काही होणार नाही ना?" मुळशीकडून तपासणीला आलेल्या एका आजींचा हा प्रश्न. रक्तदाबाची गोळी राहिली बाजूला, आमच्या गप्पा आकाशात गेल्या.

आजींना दिलेले उत्तर आधी सांगते. ते एरियल बोलत नाही, नुसते ऐकते. मोबाइल किंवा त्याचा टॉवर लहरी सोडतो. विमानाचे संदेश टिपणारे एरियल मात्र रेडिओसारखे असते, आपल्याकडून काहीच सोडत नाही. विमानाचा संदेश आपल्या घरावरून जायचाच असतो, एरियल असो वा नसो. तो मैलोगणती अंतरावरून येतो, एका संदेशाला सेकंदाचा जेमतेम आठ हजारावा भाग लागतो आणि घरापाशी पोचेपर्यंत त्यात नगण्य ऊर्जा उरते. त्यामुळे नातवाला धोका नाही. धोका असलाच तर एरियल बसवायला शिडीवर चढणाऱ्या पोराला आहे. त्याकडे पुढे येऊच.

हा छंद मुळशीत निव्वळ छंद राहत नाही, त्याला कारण आहे. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईहून निघालेले एक हेलिकॉप्टर खराब हवामानात पौडजवळ कोंढावळे येथे कोसळले. आतले चौघेही वाचले. त्यानंतर ३९ दिवसांनी, २ ऑक्टोबरच्या सकाळी, बावधनच्या डोंगराळ भागात जुहूकडे निघालेले दुसरे हेलिकॉप्टर दाट धुक्यात कोसळून पेटले. दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे गेले. मुंबई आणि पुण्याच्या मधे सह्याद्री आहे, पावसाळ्यात त्यावर ढग टेकलेले असतात आणि हेलिकॉप्टरे त्या ढगांच्या उंचीवरूनच ये-जा करतात.

एरियलमुळे हे अपघात टळले असते का? नाही. दोन्ही ठिकाणी वस्ती जवळ होती, माणसे लगेच धावली. प्रश्न आहे तो पुढचे एखादे हेलिकॉप्टर ताम्हिणीच्या जंगलात पडले तर काय, हा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताम्हिणी घाटात सहा तरुणांची मोटार दरीत कोसळली. कुणाला पत्ता नव्हता. अखेर ड्रोनने शोध लागला, तेव्हा सगळे संपले होते. मोठ्या अपघातात रक्तस्राव किंवा बंद पडत चाललेला श्वास डॉक्टरची वाट पाहत नाही. 'कुठे पडले' हे कळायला लागणारा वेळ हा उपचाराच्या वेळेतूनच वजा होतो.

आता यंत्र समजून घेऊ. बहुतेक प्रवासी विमाने उपग्रहांवरून आपली जागा ओळखतात आणि ओळख क्रमांक, उंची, वेग यांसह ती जागा १०९० मेगाहर्ट्झवर सतत जाहीर करतात. जागेचा संदेश सेकंदाला साधारण दोनदा जातो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. संदेश सांकेतिक कुलपात नसतो, कुणालाही ऐकता येतो. त्यासाठी एक अँटेना, टीव्ही पाहण्यासाठी निघालेला आणि नंतर हौशी लोकांनी या कामाला जुंपलेला छोटा यूएसबी रिसीव्हर आणि रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक पुरतो. या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटरची तांब्याची तार सरळ उभी आणि तिच्या बुडाशी, तिला न चिकटवता, तशाच चार तारा छत्रीच्या काड्यांसारख्या खाली झुकवल्या की घरगुती अँटेना झाला. तो उभाच हवा, आडवा चालत नाही. केबल जितकी लांब, तितका संदेश वाटेत विरतो. म्हणून रिसीव्हर अँटेनाच्या जवळ ठेवतात.

महागड्या अँटेनापेक्षा मोकळे आकाश मोलाचे, कारण या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. सपाट मुलखात दहा किलोमीटर उंचीवरचे विमान चारशेएक किलोमीटरवरून ऐकू येऊ शकते. तीनशे मीटरवरचे हेलिकॉप्टर मात्र सत्तरएक किलोमीटरपर्यंतच. मुळशीत तर तेही नाही. मधे डोंगराची एक सोंड आली की पाच किलोमीटरवरचेही गडप. म्हणजे ज्याला डोंगराचा धोका सर्वाधिक, त्याचाच आवाज डोंगर आधी दाबतो.

यावर उपाय एकच, वेगवेगळ्या खोऱ्यांत कान ठेवणे. काही हेलिकॉप्टरे जागा कळवत नाहीत, नुसता ओळख क्रमांक आणि उंची पाठवतात. तो संदेश चार ठिकाणी पडला, तर पोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून संगणक जागा काढू शकतो. एका गच्चीवरचे एरियल हा छंद. पौड, धरणाचा परिसर, ताम्हिणीची वाट आणि कोळवण खोरे अशा चार ठिकाणी ती असली, की यंत्रणेची सुरुवात होते.

पण या माहितीचा भलता अर्थ काढण्याची घाईही आपल्याला असते. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले, तेव्हा अशाच जमिनीवरच्या रिसीव्हरने टिपलेला ६२५ फूट हा आकडा काही वेळातच जगभर फिरला. ती जमिनीपासूनची उंची नव्हती. हवेच्या दाबावरून काढलेला तो आकडा होता आणि विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे फूट उंच आहे. इंजिनांचे इंधन बंद झाल्याची नोंद महिन्याभराने सरकारी प्राथमिक अहवालात आली. ती विमानातल्या नोंदयंत्रातली. गच्चीवरच्या एरियलला ती कळणे शक्यच नव्हते. ईसीजीची पट्टी हातात आली म्हणजे रोगी तपासून झाला, असे आम्ही मानत नाही. इथेही मानू नये. शिवाय उपग्रहांचे संकेतच कुणी बनावट सोडले तर विमान चुकीची जागा सांगते. दिल्ली विमानतळाच्या परिसरात नोव्हेंबर २०२५ मध्ये असे प्रकार घडल्याचे सरकारने संसदेत मान्य केले आहे.

अपघातानंतर आपोआप चालू होणारा ४०६ मेगाहर्ट्झचा संकटसंदेश उपग्रह टिपतात आणि आपल्याकडे तो बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात पोचतो. शोधाची मुख्य भिस्त त्यावरच हवी. मात्र आग लागली किंवा अँटेना तुटला, तर तो गप्प होऊ शकतो. अशा वेळी शेवटचा ऐकू आलेला ठावठिकाणा शोधाचे क्षेत्र आवळतो. घरगुती एरियलचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

आता ती शिडी. जगात दरवर्षी पावणेसात लाखांहून अधिक माणसे पडून मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पावसाळ्याआधी पत्रा किंवा कौले शाकारताना पडलेले रुग्ण आमच्याकडे नेमाने येतात. तेव्हा ओल्या किंवा शेवाळलेल्या छपरावर चढू नका, सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, खाली एकाला शिडी धरायला उभे करा. अँटेनाचा पाइप आडवा झाला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, इतके अंतर ठेवा. कुणी पडलाच तर हातपाय धरून उचलू नका. मान-पाठ न हलवता १०८ला फोन करा. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी प्रवाह बंद करा.

आकाशातल्या विजेने देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जातात. उंच पाइपला इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या. गडगडाट सुरू झाला की केबलला हात लावू नका, गच्चीवर तर जाऊच नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा.

बिनतारी यंत्रांबाबत केंद्राच्या दूरसंचार विभागाचे नियम आहेत आणि लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. म्हणून पोरांनी गुपचूप काही करण्यापेक्षा शाळा-महाविद्यालयांनी रीतसर विचारणा करून हे काम हाती घ्यावे. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात चार रिसीव्हर, त्यांची नोंद पाहणारा एक माणूस आणि तहसील, पोलीस व रुग्णालय यांना एकाच वेळी जाणारा निरोप एवढे बसले, तरी पुष्कळ झाले. यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट रिसीव्हर आहे. सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे निरोप आल्यावर कुणी निघायचे, हे आधी ठरवून ठेवणे.

आजी निघताना म्हणाल्या, "म्हणजे पोराला सांगते, लाव बाबा, पण पाऊस थांबल्यावर चढ." एवढे ऐकले तरी निम्मे काम झाले.