बर्माची तूर आणि तिथली शाळा



तुरीचा भाव पडला की अडत्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, "बर्माची तूर आली!" आपण मनातल्या मनात त्या बर्मावाल्याला दोन शिव्या हासडतो आणि पोती उतरवतो. पण ती तूर पिकवणारा कोण, हे आपण कधी विचारलं आहे का? तो आपल्यासारखाच कोरडवाहू शेतकरी आहे. आज त्याच्या पोराबाळांच्या शाळेची हकिगत सांगायची आहे.

बर्मा म्हणजे ब्रह्मदेश, आताचं नाव म्यानमार. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्या मंडालेपासून इरावती नदी ओलांडली की सगाईंग प्रांत लागतो. पाऊस बेताचा. रानात तूर, तीळ, भुईमूग. दारात बैलजोडी. शाळा तिकडेही जूनमध्ये भरते आणि मोठी परीक्षा मार्चमध्ये होते. शिक्षणाची आवड तर फार जुनी. पूर्वी गावच्या बुद्धविहारात भिक्खूच मुलांना अक्षरं गिरवायला लावत. बर्मी भाषेत विहाराला आणि शाळेला शब्द एकच आहे.

अशा देशावर १९६२ साली लष्कराचं राज्य आलं. त्याच वर्षी ७ जुलैला रंगून विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विद्यार्थी संघाची इमारत सुरुंग लावून उडवली. पुढे १९८८ साली विद्यार्थ्यांनी मोठा उठाव केला. तेव्हापासून २००० सालापर्यंत तिथली विद्यापीठं बंदच जास्त, उघडी कमी. चार पोरं एकत्र बसली की विचार करतात आणि विचार केला की प्रश्न विचारतात. बंदुकीवर चालणाऱ्या राज्याला नेमकी त्याचीच धास्ती असते.

मधली दहाएक वर्षं जरा बरी गेली. निवडणुका झाल्या, लोकांचं सरकार आलं. पण १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने ते सरकार पुन्हा उलथवलं. करोनामुळे शाळा आधीच वर्षभर बंद होत्या. आता मास्तर आणि बाई रस्त्यावर उतरल्या. "या सरकारची चाकरी करणार नाही," म्हणून संप केला. सव्वा लाखाहून अधिक शिक्षक निलंबित झाले, असं तिथल्या शिक्षक संघटनेने सांगितलं. जूनमध्ये लष्कराने शाळा उघडल्या, पण पुष्कळ आईबापांनी पोरं पाठवली नाहीत.

इथे जरा थांबा आणि त्या बापाच्या जागी उभे राहा. पोराला लष्कराच्या शाळेत घातलं तर गाव म्हणतं, हा फितूर झाला. नाही घातलं तर पोराचं वर्ष बुडतं. ज्याने पाठवलं त्यालाही दोष देता येत नाही आणि ज्याने घरी ठेवलं त्यालाही नाही. सत्तापालटाआधी शेवटच्या शालेय परीक्षेला ९ लाखांवर मुलं बसत. २०२२ साली ती सुमारे ३ लाखांवर आली. उरलेली पोरं गेली कुठे? कुणी रानात, कुणी सरहद्द ओलांडून थायलंडला मजुरीला, तर कुणी बंदूक घेऊन डोंगरात.

सगाईंगच्या गावांनी मग आपल्याच शाळा काढल्या. संपावरचे मास्तर, विहाराचा ओटा, जुनी पुस्तकं. विमानाचा आवाज आला की पोरांनी शिरायला शाळेजवळ चर खणलेला. या शाळेच्या दाखल्याला लष्कर मान देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तरी पोरं येतात.

तीही जागा सुरक्षित राहिली नाही. १६ सप्टेंबर २०२२ रोजी लेट येट कोन गावी विहारातल्या शाळेवर हेलिकॉप्टरमधून मारा झाला. निदान ११ मुलं गेली. १२ मे २०२५ रोजी त्याच भागातल्या दुसऱ्या एका गावी शाळेवर बॉम्ब पडला, त्यात सुमारे २० विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच प्रांताला दीडच महिन्यापूर्वी भूकंपाने हादरवलं होतं.

जी पोरं वाचली ती अठराची झाली की दुसरं संकट. फेब्रुवारी २०२४ मध्ये लष्कराने सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला. १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना निदान दोन वर्षं फौजेत जावं लागणार. ज्या वयात पोराने कॉलेजात जायचं, त्या वयात बाप त्याला रात्रीतून सरहद्दीपार धाडायच्या खटपटीत.

यात एक गोष्ट मनाला बरं वाटायला लावणारी. चिन डोंगरातली हजारो माणसं आपल्या मिझोराममध्ये आसऱ्याला आली. मिझोरामने २०२१ साली त्यांच्या मुलांना आपल्या सरकारी शाळांची दारं उघडली. लहानसं राज्य, पण मन मोठं.

मंडळी, दुष्काळात घरातलं सगळं धान्य संपलं तरी शहाणी म्हातारी बियाण्याच्या गाडग्याला हात लावू देत नाही. एक हंगाम बुडाला तर पुढचा येतो, पण बियाणंच खाल्लं तर काय पेरणार? त्या देशात आज बियाण्याचं गाडगं फुटलं आहे. लढाई कधीतरी थांबेल, पूल आणि रस्ते पुन्हा बांधता येतील. पण ज्या पोरीची तेरा ते अठरा ही वर्षं चराच्या काठावर गेली, तिची ती वर्षं कोण परत देणार?

आपल्याकडे शाळेवर विमान येत नाही. पण कापूस वेचायला आला म्हणून पोरीला चार दिवस घरी ठेवणारे हात आपलेच असतात. ऊसतोडीला जाताना पोरांची शाळा मध्येच तुटते, तीही आपल्या डोळ्यांदेखत. तिथली आई बॉम्बच्या भीतीतही पोराच्या हाती पाटी देते. मग आपल्याला कोणती सबब उरली?

आणि पुढच्या खेपेला आडतीवर "बर्माची तूर आली" ऐकलंत, तर भावाचं दुःख जरूर करा. पण शिवी देण्याआधी त्या तुरीच्या रानाकडेच्या शाळेची एकदा आठवण काढा.