हसण्यावारी नेलेला दावा

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या भरपाईची चर्चा निघाली आणि तिच्यात इरेक्टाइल डिसफंक्शनचं, म्हणजे लिंगाला ताठरता न येण्याच्या विकाराचं नाव आलं की हशा पिकतोच. 2015 साली एक आकडा छापून आला : तिथल्या संरक्षण खात्याने आदल्या वर्षी या विकारावरच्या औषधांसाठी सुमारे 8 कोटी 40 लाख डॉलर मोजले होते. बहुतेक औषधं निवृत्तांसाठी होती, पण तेवढं वाचायला कोण थांबतो? लष्कराच्या कुठल्याही खर्चावर वाद झाला की हा आकडा तेव्हापासून पुढे केला जातो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. मात्र त्या हशाच्या आडून काही युक्तिवाद पुढे सरकवले जातात, आणि त्यांच्या जोरावर माणसांचे अर्ज फेटाळले जातात. ते तपासायला हवेत.

पूर्वपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा वयाचा आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका प्रसिद्ध पाहणीत (1994) 40 ते 70 वयाच्या पुरुषांपैकी 52 टक्क्यांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात आढळला. व्हिएतनाममध्ये लढलेली पिढी आता सत्तरीपार गेली आहे. मग म्हातारपणाने दिलेल्या दुखण्याचं बिल सरकारने का भरावं?

भरू नयेच. आणि कायदाही तसं सांगत नाही. विकार आहे एवढ्यावर कुणालाच काही मिळत नाही. त्याचा धागा सैनिकी सेवेशी जोडून दाखवावा लागतो, थेट किंवा सेवेतून आलेल्या दुसऱ्या एखाद्या आजारामार्फत. या 'मार्फत'मध्येच निम्म्याहून अधिक भांडण आहे. माजी सैनिक खात्याचा तपासनीस डॉक्टर अहवालात लिहितो : मधुमेह, रक्तदाब, वय; सेवेशी संबंध नाही. शेरा संपला, दावा फेटाळला. पण मधुमेह आला कुठून? 1962 ते 1971 या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर एजंट ऑरेंज आणि तसलीच तणनाशकं फवारली. तिथे सेवा केलेल्या सैनिकाला टाइप 2 मधुमेह झाला तर तो सेवेतूनच आला असं 2001पासून सरकार स्वतःच गृहीत धरतं. प्रोस्टेटचा कर्करोग त्याआधीपासून यादीत आहे, उच्च रक्तदाब 2022च्या पॅक्ट कायद्याने आला. म्हणजे दावा नाकारण्यासाठी डॉक्टरने जे कारण दिलं, तेच दावा मान्य करण्याचं कारण आहे. तपासनीसाने ते लिहून ठेवलं, त्याच्या पुढची ओळ मात्र लिहिली नाही.

दुसरी चूक याहून बारीक, आणि माझ्या मते जास्त घातक. सेवेतल्या आजाराने हा विकार निर्माण केला का, हा एक प्रश्न. आधीच असलेला विकार त्या आजाराने बळावला का, हा वेगळा प्रश्न. 1995च्या 'ॲलन विरुद्ध ब्राऊन' निकालाने बळावलेल्या भागाचीही भरपाई दिली पाहिजे हे स्पष्ट केलं. वय हे कारण असलं तरी दुसरा प्रश्न त्याने मिटत नाही. माजी सैनिकांच्या अपील मंडळाचे निकाल नावं खोडून जाहीर केले जातात. ते चाळले तर हीच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : डॉक्टरने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्यावर मौन पाळलं, म्हणून प्रकरण परत पाठवलं. परत पाठवणं म्हणजे आणखी महिने, कधी वर्षं. अपील करणाऱ्याच्या सत्तरीतली वर्षं.

शिवाय सगळे सत्तरीतले नाहीत. 2001 ते 2013 या काळात इराक आणि अफगाणिस्तानात 1,367 अमेरिकी पुरुष सैनिकांना जननेंद्रियांच्या आणि मूत्रमार्गाच्या जखमा झाल्या. त्यांतले बहुतेक पस्तिशीच्या आतले. जमिनीत पुरलेले सुरुंग खालून फुटतात, आणि चिलखत छातीवर असतं. 2018 साली जॉन्स हॉपकिन्समधल्या शल्यविशारदांनी अफगाणिस्तानात जखमी झालेल्या एका सैनिकावर लिंग आणि अंडकोशाच्या पिशवीचं प्रत्यारोपण केलं, तेव्हा या जखमांना काही काळ बातमीत जागा मिळाली. ज्यांची जखम दिसत नाही त्यांना तेवढीही मिळत नाही. युद्धाच्या आघातानंतर जडणाऱ्या मनोविकारावर, पीटीएसडीवर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोनच औषधं मंजूर केली आहेत, सर्ट्रालीन आणि पॅरोक्सेटीन. लैंगिक क्षमता कमी होणं हा दोन्हींचा ठाऊक असलेला दुष्परिणाम. सरकारी दवाखान्याने दिलेल्या गोळीचा परिणाम सरकारी तपासनीसालाच दिसू नये, हे नवल आहे.

"मग गोळी घ्या की!" हा पुढचा टोला. सिल्डेनाफिल 1998पासून बाजारात आहे. पण हृदयविकारासाठी जो नायट्रेट घेतो त्याला ती वर्ज्य, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो. आणि रक्तपुरवठ्याअभावी होणारा हृदयविकारही 2010पासून एजंट ऑरेंजच्या यादीत आहे. मज्जातंतूच तुटले असतील तर गोळीचा फारसा उपयोग नाही. आणि समजा लागू पडली, तरी काय? जयपूर फूट बसवलेला माणूस चालतो, म्हणून त्याचा पाय गेलाच नव्हता असं आपण म्हणतो का?

कमाईचा मुद्दा मात्र मला अर्धा मान्य आहे. अपंगत्वाची टक्केवारी कमाईच्या क्षमतेवर झालेल्या परिणामातून ठरते, आणि या विकाराने कमाई थांबत नाही. पूर्वी लिंगाची विकृती आणि ताठरता जाणं, दोन्ही असतील तर 20 टक्के मिळत. त्या शब्दांवर बरीच वर्षं काथ्याकूट झाला. नोव्हेंबर 2021मध्ये खात्याने नियमच बदलला : विकृती असो वा नसो, शून्य टक्के. हिशेब म्हणून ते बरोबर आहे. पण शून्य म्हणजे नकार नव्हे. सेवेशी संबंध मान्य झाला की एक वेगळी विशेष मासिक रक्कम लागू होते, 2025च्या दराने 136 डॉलर. ज्या कलमाखाली ती मिळते, त्याच कलमात एक हात, एक पाय, एका डोळ्याची दृष्टी, वाचा आणि दोन्ही कानांचं श्रवण गमावल्याची भरपाई आहे. कायदेमंडळाने ही हानी त्या पंगतीत मुद्दाम बसवली. तिथे कमाईचं माप लावायचंच नाही. स्त्री सैनिकांनाही समांतर विकारासाठी 2018पासून हीच वाट मोकळी झाली आहे. पुरुषांच्या चैनीचे पैसे म्हणून टर उडवणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसतं.

राहिला लबाडीचा आरोप. हा विकार मोजायचा कसा? बहुतेक वेळा माणसाच्या सांगण्यावरच विसंबावं लागतं, हे खरं. खोटे दावे होतात, हेही खरं. पण सेवेशी निगडित विकारांत सर्वाधिक संख्या आहे कानात वाजण्याची, टिनिटसची. तोही मोजता येत नाही, तोही माणसाच्या शब्दावर मान्य होतो, आणि त्याचे 10 टक्के म्हणजे 2025च्या दराने महिना 175 डॉलर, वरच्या 136 डॉलरांहून जास्त. त्याच्यावर विनोद ऐकू येत नाहीत. म्हणजे आक्षेप पुराव्याला नाही, अवयवाला आहे. लबाडी रोखायचीच असेल तर मान्यता न घेता दावे भरून देणाऱ्या आणि त्यासाठी जबर पैसे उकळणाऱ्या कंपन्यांकडे आधी बघावं. सुक्याबरोबर ओलं जाळणं हा बंदोबस्त नव्हे.

पुराव्याची खरी अडचण वेगळीच आहे : कागदावर काही नसतं. पंचविशीतला सैनिक तळावरच्या डॉक्टरला हे सांगत नाही. पुढे वीस वर्षं बायकोखेरीज कुणालाच सांगत नाही. (अमेरिकनांना हसू नये. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर आपल्या मुंबईत खटला भरला गेला आणि 1934 साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.) केवळ त्या वेळची नोंद नाही एवढ्याच कारणावरून साक्ष अविश्वसनीय ठरवता येणार नाही, असं तिथल्या फेडरल सर्किट न्यायालयाने 2006 साली सांगितलं आहे. त्रास कधी सुरू झाला, कुठल्या गोळीनंतर वाढला, हे पत्नीने तारीखवार लिहून दिलेलं निवेदन म्हणूनच पुरावा आहे. आणि पुरावा दोन्ही बाजूंनी सारखाच भरला तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यायचा, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. ती मेहेरबानी नाही.

नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकलं तर मूळ दाव्याची तारीख टिकते. 2019पासून वाटा तीन आहेत : नवा पुरावा जोडून पुरवणी दावा, वरिष्ठांकडून फेरतपासणी, किंवा थेट अपील मंडळ. त्यांतली कुठलीही धरली तरी आधी डॉक्टरचा अहवाल मागवून वाचावा. त्यात विकार बळावण्याच्या प्रश्नाचं सकारण उत्तर नसेल आणि चालू औषधांचा उल्लेख नसेल, तर अपुरा अहवाल हाच अपिलाचा पहिला मुद्दा करावा. आणि खात्याने असे अहवाल मंडळापर्यंत जाऊच देऊ नयेत; ते ज्या डॉक्टरने लिहिले त्याच्याकडेच, त्याच आठवड्यात परत पाठवावेत.