जागा एक, शब्द तिघांना

आजची पोस्ट अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलवर आहे. "भाऊ, रस्त्यावरचे खड्डे संपले का?" असं विचारू नका. खड्डे आहेत तिथेच आहेत, त्यावर परत लिहीनच. पण त्या खेळात एका जागेसाठी जी ओढाताण चालते, ती आपल्या प्रत्येक निवड चाचणीला लागू पडते. म्हणून पाच मिनिटं काढून वाचा.

आधी खेळ थोडक्यात. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू, हेल्मेट, अंगावर कवच, एका बाजूला अकरा जण. या अकरात क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. फेकायचं, पळायचं की दुसऱ्याच्या हाती द्यायचं, हे दोन-तीन सेकंदांत तोच ठरवतो. बाकीच्या जागांवर माणसं आलटून-पालटून खेळतात. क्वार्टरबॅक मात्र एकच. कॉलेजच्या संघात या जागेसाठी चार-पाच पोरं असतात. एक खेळतो, बाकीचे कडेला टोपी घालून उभे. क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखंच समजा.

आता ही पोरं येतात कशी? बारावीच्या आधीपासून, कधी कधी तर आठवी-नववीपासूनच कॉलेजांचे प्रशिक्षक मागे लागतात. वेबसाइटवाले पोरांना तारे देतात, पाच तारे म्हणजे हिरा. प्रशिक्षक घरी येऊन आईबापासमोर बसतात आणि सांगतात, "पोरगं आमच्याकडे द्या, त्याला घडवू." पोरगं तोंडी होकार देतं. पण तो होकार कागदावर सही होईपर्यंत ना पोराला बांधतो ना कॉलेजला. आणि तोच प्रशिक्षक त्याच जागेसाठी दुसऱ्या गावात दुसऱ्या पोराच्या ओसरीवरही बसलेला असतो.

इथं माझा पहिला मुद्दा. स्पर्धा असण्यात गैर काही नाही. सगळ्यात चांगला असेल त्याने खेळावं. गैर आहे ते सतरा वर्षांच्या तिघांना एकाच खुर्चीचं स्वप्न दाखवणं आणि तिघांनाही वाटू देणं की खुर्ची आपलीच.

स्पर्धा उघड असली की काय होतं, याचं उदाहरण बघा. 8 जानेवारी 2018, राष्ट्रीय विजेतेपदाची अंतिम लढत. अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा 0-13 ने मागे. त्यांचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स. त्याने सुरुवात केलेल्या 28 सामन्यांपैकी फक्त 2 संघ हरला होता. प्रशिक्षक निक सेबन यांनी मध्यंतराला त्याला बसवलं आणि तुआ टॅगोवाइलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. अलाबामा जादा वेळेत 26-23 ने जिंकला. सगळा देश बघत असताना हर्ट्सची जागा गेली.

बरेच जण त्याच रात्री बॅग भरतात. हर्ट्स थांबला. त्याच वर्षी 1 डिसेंबरला विभागीय अंतिम सामन्यात, समोर पुन्हा जॉर्जियाच, तुआ जखमी झाला. हर्ट्स बाकावरून उठला आणि 35-28 ने सामना जिंकून दिला. त्याच महिन्यात पदवी घेतली आणि मग ओक्लाहोमाला गेला. पदवी हातात असल्याने नियमाप्रमाणे त्याला लगेच खेळता आलं. फेब्रुवारी 2025 मध्ये फिलाडेल्फियाकडून सुपर बोल जिंकला, त्या सामन्याचा मानकरीही तोच.

जो बरो दुसरा. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं काढली. 2018 च्या वसंतातल्या सरावात जागा ड्वेन हॅस्किन्सकडे जाणार हे दिसलं. त्याचीही पदवी झालेली होती. तो लुईझियानाच्या एलएसयूला गेला. 2019 मध्ये संघ 15-0, त्याचे 60 टचडाउन पास, हाइझमन पुरस्कार आणि विजेतेपद.

तिसरा स्टेट्सन बेनेट. जॉर्जियात शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने दाखल झालेला. जागा दिसेना म्हणून मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजात गेला आणि परत आला. त्याच्या पुढे मोठ्या नावाचा पोरगा होता, तो जखमी झाला तेव्हा बेनेट उभा राहिला. पुढे जॉर्जियाने 2021 आणि 2022 या लागोपाठ दोन हंगामांची विजेतेपदं जिंकली, दोन्ही वेळा क्वार्टरबॅक हाच. त्याच्या नावापुढे तारे किती होते ते आता कोणी विचारत नाही.

आता दुसरा मुद्दा, आणि यावर तिकडे जोरात वाद आहे. पूर्वी पदवी न घेता कॉलेज बदललं तर साधारणपणे एक वर्ष बसून काढावं लागायचं. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. 2021 मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, 2024 मध्ये ती बंधनंही सैल झाली. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले. आणि 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत.

यावर जुने लोक म्हणतात, "पोरांना आता धीर राहिला नाही. बाकावर बसायची तयारी नाही. पैसा दिसला की पळतात."

मला हे पटत नाही. धीर फक्त पोरांनीच धरायचा का? नोव्हेंबर 2021 मध्ये ओक्लाहोमाचे प्रशिक्षक लिंकन रायली एका दिवसात कॅलिफोर्नियाच्या यूएससीला गेले. ब्रायन केली नोत्र दाम सोडून एलएसयूला गेले, तेव्हा त्यांच्या संघाची विजेतेपदाची आशा अजून शिल्लक होती. त्यांना कोणी एक वर्ष घरी बसवलं नाही. 2023 मध्ये टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर यांना काढलं, तर करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायची ठरली. काढून टाकल्याचे एवढे पैसे! आणि वीस वर्षांच्या पोराने गाव बदललं की तो बेइमान?

रायली गेले त्याच ओक्लाहोमात स्पेन्सर रॅटलर नावाचा नावाजलेला क्वार्टरबॅक होता. ऑक्टोबर 2021 मध्ये टेक्सासविरुद्ध त्याला बसवून केलेब विल्यम्सला उतरवलं. रॅटलर हंगामानंतर साउथ कॅरोलिनाला गेला. विल्यम्स प्रशिक्षकामागे यूएससीला गेला आणि 2022 चा हाइझमन घेतला. आता सांगा, यात पळपुटा कोण? मोठ्या माणसाने खुर्ची बदलली, पोरांनी तेच केलं.

पण मुभेची दुसरी बाजूही आहे. पोर्टलमध्ये नाव टाकलेल्या प्रत्येकाला नवं कॉलेज मिळत नाही. जुन्या कॉलेजला त्याची शिष्यवृत्ती बंद करता येते. कॉलेज बदललं की काही विषयांचे गुण नव्या ठिकाणी धरले जात नाहीत, पदवी लांबते. टीव्हीवर दिसतात ते बरो आणि हर्ट्स. ज्याची जागाही गेली, पदवीही अडली, त्याच्याकडे कॅमेरा जात नाही. म्हणून मुभा काढून घेणं हा उपाय नाही. एकदा पोरगं घेतलं की पदवीपर्यंत त्याची फी कॉलेजने भरावी, मग तो मैदानात असो वा बाकावर. आणि घरी येऊन शब्द देताना, याच जागेसाठी आणखी किती जणांशी बोलणं चालू आहे, ते आईबापाला सांगावं. एवढं तर करता येतं.

आता आपल्याकडे या. पद्माकर शिवलकर आठवा. प्रथम श्रेणीत 589 बळी, पण भारताकडून एकही कसोटी नाही. डावखुऱ्या फिरकीची जागा एक आणि तिथे बिशनसिंग बेदी. शिवलकरांना जायला दुसरा देश नव्हता. अमेरिकेतल्या पोराला वरच्या गटातच सव्वाशेहून जास्त कॉलेजं आहेत. हा फरक लहान नाही.

मी इतकी वर्षं तालुक्याच्या, जिल्ह्याच्या चाचण्यांच्या बातम्या करतोय. कबड्डी असो, कुस्ती असो, खो-खो असो. यादी लागते. कोण आत, कोण बाहेर, एवढंच कळतं. का बाहेर, ते सांगत नाही कोणी. पोरगं एसटीने परत जातं आणि बाप म्हणतो, "वशिला नव्हता आपला." खरंच वशिला असेल, किंवा पोरगं कमीही पडलं असेल. पण कारण सांगितलंच नाही, तर बाप दुसरं काय म्हणणार? आणि आपल्याकडे सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. म्हणजे त्या यादीत नाव असणं-नसणं हे नुसतं पदकापुरतं नाही, पोटापाण्याचं आहे.

सेबन यांनी हर्ट्सला बसवलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पटो न पटो, कारण फळ्यावर होतं, 0-13. आपल्या निवड समित्यांनी निदान चाचणीचे गुण यादीशेजारी लावावेत. याला निधी लागत नाही, एक कागद आणि चार टाचण्या लागतात.

पुढच्या चाचणीला तुमचं पोरगं गेलं तर यादीसमोर उभं राहून एवढंच विचारा, "साहेब, गुण कुठे लावलेत?" भांडू नका, फक्त विचारा. आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा, मी छापतो.