बाहेरचा पैसा आणि खडकवासल्याचा रस्ता

शहराचे रस्ते सुधारावयाचे म्हटले की पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न प्रथम उभा राहतो. आणि पुण्यापुरते त्याचे उत्तर गेली वीस वर्षे बहुधा एकच मिळत आले आहे : बाहेरून. कधी केंद्र सरकारची योजना, कधी राज्य सरकारचे अनुदान, कधी रोखेबाजार, तर कधी परदेशी वित्तसंस्था. देणारा बदलतो, मागणारा मात्र तोच राहतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळस्टॉप-वारजे-माणिकबाग ह्या मेट्रोमार्गांस मान्यता दिली. सुमारे ९,८५८ कोटी रुपयांच्या ह्या कामाचा भार केंद्र, राज्य आणि बाहेरील वित्तसंस्था ह्यांनी मिळून उचलावयाचा आहे. खडकवासल्यापर्यंत रूळ जाणार ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण हे रूळ जाणार ते डोक्यावरून. स्थानकाचा जिना उतरून वृद्ध माणसे आणि शाळेची मुले ज्या रस्त्याने घरी जातील, त्या रस्त्यासाठी कोणाची थैली सुटणार आहे, एवढेच आम्ही विचारतो.

बाहेरचा पैसा घेण्यात कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या नदीवर जो बंधारा झाला, त्यास मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी मोठी देणगी दिली, आणि तीमुळे पुण्याचा मान उणा झाला नाही. अहमदाबादच्या महापालिकेने १९९८ मध्ये सरकारी हमीवाचून १०० कोटींचे रोखे विकले, तेव्हाही तिची पत वाढलीच. तथापि दान, अनुदान आणि कर्ज ह्या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. दानास दात्याची इच्छा असते, अनुदानास अट असते आणि कर्जास व्याज असते. ह्या तिन्हींस ‘निधी’ हे एकच गोंडस नाव देऊन नागरिकांपुढे ठेवणे म्हणजे खतावर सही घेताना मजकूर झाकून ठेवण्यासारखे आहे.

पुणे शहर मागते का झाले, ह्याचेही कारण सांगितले पाहिजे. जकात हे महापालिकेचे हक्काचे आणि रोजच्या रोज हाती येणारे उत्पन्न होते. १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला; १ ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला; आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिकेच्या हाती राज्याकडून येणारी भरपाई राहिली. भरपाई कायद्याने ठरलेली आहे आणि ती दरसाल आठ टक्क्यांनी वाढते, हे खरे. पण स्वतः कर बसविणारी संस्था आणि दरमहा दुसऱ्याच्या हुंडीची वाट पाहणारी संस्था ह्यांत जो फरक आहे, तो स्वराज्य आणि मेहेरबानी ह्यांतला फरक आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने रस्ते आणि पूल हे विषय नगरसंस्थांच्या यादीत लिहिले गेले. त्यांना लागणारे द्रव्य मात्र त्यांच्या तिजोरीत लिहिले गेले नाही.

आता बाहेरच्या पैशाने आजवर काय साधले ते पाहू. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या नावाची नगरोत्थान योजना सुरू झाली. पुण्याएवढ्या शहरांच्या कामांस केंद्राने पन्नास, राज्याने वीस आणि महापालिकेने तीस टक्के द्यावेत अशी तिची वाटणी होती. तिच्या बळावर कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका आल्या, पुढे इतरत्रही आल्या. आणि नगर रस्त्यावरील मार्गिकेचा काही भाग कालांतराने उखडूनही टाकण्यात आला. बांधावयास पैसा दिल्लीहून आला, पण वर्षानुवर्षे ती व्यवस्था राखण्यास जी शिस्त आणि जो खर्च लागतो, तो दिल्लीहून येत नसतो. नंतर स्मार्ट सिटीची योजना आली. तिचा क्षेत्रविकास औंध-बाणेर-बालेवाडी ह्या भागापुरता ठरला आणि कारभार एका स्वतंत्र कंपनीकडे गेला. ३१ मार्च २०२५ रोजी योजनेची मुदत संपली. तेथील रुंद पदपथ चांगलेच आहेत. पण ते गळ्यात अडकविण्याचे पदक न होता साऱ्या शहराचा नमुना झाले असते, तर आमचे समाधान झाले असते.

कर्जाचा हिशेब ह्याहून स्पष्ट आहे. जून २०१७ मध्ये महापालिकेने ७.५९ टक्के व्याजाने, दहा वर्षांच्या मुदतीचे २०० कोटींचे रोखे काढले. तो पैसा पाणीपुरवठ्यासाठी होता, रस्त्यांसाठी नव्हे. तथापि धडा तोच. दोनशे कोटींवर वर्षाचे व्याज पंधरा कोटींहून अधिक होते. काम वेळेवर चालले तर हे व्याज सार्थकी लागते. रेंगाळले तर नागरिक उसन्या पैशाचे भाडे भरतो आणि नळाकडे पाहत बसतो. ‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी कर्जाच्या द्वेषाने केलेली नाही. फेडण्याचा विचार न करता केलेल्या खर्चाची ती निंदा आहे.

सणाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये जी-२० राष्ट्रांच्या पायाभूत सुविधा कार्यगटाची बैठक पुण्यात भरली. चर्चेचा विषय होता ‘उद्याच्या शहरांस द्रव्य कसे मिळावे’. त्या पाहुण्यांच्या वाटेवरील भिंती रंगल्या, दुभाजक फुलले, रस्ते गुळगुळीत झाले. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्यास त्यांनी विरोध केल्याचे प्रसिद्ध आहे. पाहुण्यांचा आदर करू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. करदात्याच्या पैशावर पहिला हक्क कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो आजही शिळा झालेला नाही.

तोच प्रश्न आम्ही खडकवासल्याच्या नावाने विचारतो. १८७९ च्या सुमारास पुरे झालेल्या येथील धरणाच्या पाण्यावर पुणे शहर वाढले. येथेच १९४९ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली. शहरास पाणी आणि देशास सेनाधिकारी पुरविणारे हे स्थान ३० जून २०२१ रोजी इतर बावीस गावांसह महापालिकेच्या हद्दीत आले. ग्रामपंचायत गेली. पुढच्याच महिन्यात ह्या गावांच्या नियोजनाचा अधिकार महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आला. म्हणजे बांधकामाची परवानगी एकाकडे आणि कर व सेवा दुसऱ्याकडे! मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षे ह्या गावास ना सरपंच होता, ना स्वतः निवडलेला नगरसेवक. प्रतिनिधीवाचून कर नाही, हे तत्त्व ज्या देशाने परक्या सरकारास ऐकविले, त्या देशात, पुण्यासारख्या शहरात, हे घडावे ह्याचा विषाद वाटतो.

ह्या उपेक्षेची किंमत केवळ खड्ड्यांत मोजावयाची नाही. जानेवारी २०२५ मध्ये गुईलेन-बारे ह्या मज्जारोगाचे रुग्ण वाढले, ते सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ह्या पट्ट्यात. आणि संशयाचे बोट पाण्याकडे गेले. धरणाच्या पायथ्याशी शुद्ध पाण्याची वाण! आम्ही रस्त्यावरील लेखात ही गोष्ट आणतो, कारण रस्ता म्हणजे वरचे डांबर नव्हे. रस्ता म्हणजे त्याखालची जलवाहिनी, मैलावाहिनी आणि पावसाची गटारे. ती आधी न घालता वर डांबर ओतणे म्हणजे पुन्हा खोदण्यासाठी रस्ता करणे होय.

ह्यावर असे उत्तर देण्यात येते की, समाविष्ट गावांतून कर पुरता येत नाही. आधी कर भरा, मग रस्ता मागा. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६३ सार्वजनिक रस्त्यांची रचना व देखभाल महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत गणते. जेथे वसुली पुरी तेथेच कर्तव्य, असा भेद ते करीत नाही. परंतु आम्ही एकाच पक्षास बोल लावीत नाही. रस्तारुंदीच्या वेळी जागा सोडावयाची नाही, गटारावर ओटा चढवावयाचा, पदपथावर दुकान मांडावयाचे, करवसुलीस स्थगिती मिळाली की आनंद मानावयाचा आणि नंतर महापालिकेच्या नावाने बोटे मोडावयाची, ही नागरिकत्वाची रीत नव्हे. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, असे न्यायालयात म्हणतात. ते नगरकारभारातही खरे आहे.

तेव्हा नव्या सभागृहापुढे आमच्या मागण्या आहेत त्या अशा. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक रकमेच्या अटी, व्याज, मुदत आणि महापालिकेचा हिस्सा हे सर्व मंजुरीपूर्वी मराठीत प्रसिद्ध व्हावे. भूमिगत कामे पुरी झाल्याचा दाखला मिळाल्यावाचून कोणत्याही रस्त्यावर डांबर वा काँक्रीट पडू नये. ज्या कामाच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात नाही, ते काम कोणाच्याही पैशाने हाती घेऊ नये. आणि मेट्रोसाठी जेव्हा परदेशी कर्जाचे करार होतील, तेव्हा प्रत्येक स्थानकापासून वस्तीपर्यंतचे पदपथ, गटारे आणि दिवे ह्यांचा खर्च त्या योजनेतच धरावा, असा ठराव महापालिकेने आजच करून राज्य सरकारकडे धाडावा. महापालिकेने कर्ज काढावयाचे तर त्यास राज्याची पूर्वमंजुरी लागते, ती कायद्याची गोष्ट झाली. पण ते फेडावयाचे करदात्यांनी, आणि त्यांची संमती घेण्याची जागा सभागृह हीच आहे.

खडकवासल्याने इतकी वर्षे पुण्यास पाणी दिले, त्याचे व्याज कधी मागितले नाही. आता निदान गावातून स्थानकापर्यंत कोरड्या पायांनी चालत जाण्याइतका रस्ता तरी त्यास मिळावा, आणि तो उपकार म्हणून नव्हे, तर देणे म्हणून मिळावा.