तीन कळांचा कलावंत

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सकाळी माणसाने झोप काढावी. आमच्या बसमध्ये संगीतावर वाद होतो. एक पक्ष ढोल-ताशा पथकांचा. ढोल किती, यावर तो थोरवी ठरवतो. दुसरा पक्ष रॉकवाल्या पोरांचा; पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरच्या आठवणी काढताना त्यांचे डोळे पाणावतात, आणि पुण्याच्याच 'अग्नी'पुढे त्यांना दुसरा बँड दिसत नाही. तिसरे आमचे टूलरूममधले स्नेही. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी आली की ते रजा टाकतात. वीणा, टाळ, पखवाज यांपलीकडे त्यांच्या लेखी सारा गोंगाट.

माझे मत विचाराल तर सर्वांत मोलाचा बँड वरातीतला. हसा खुशाल, बसमधलेही हसले.

अहो, रॉकवाला आपल्याला हवे ते वाजवतो, पथक महिनाभर बसवलेले ताल वाजवते. बँडवाल्याने मात्र समोरचा मागेल ते वाजवायचे. मामांना भक्तिगीत हवे, मित्रांना कोळीगीत. आणि ज्यांना तासभर नाचवले त्यांनाच पाठवणीच्या वेळी त्याच क्लॅरिनेटने रडवायचे! ट्रम्पेटला कळा तीनच. बाकीचे स्वर ओठांच्या ताणावर आणि छातीतल्या दमावर काढायचे, तेही चालता चालता, रस्त्यातले खड्डे चुकवत. आपल्या नगरीतले खड्डे जाणणाऱ्याने तरी या कलेला नाके मुरडू नयेत.

पण मला बोचते ते निराळेच. पथकातला वादक हौसेने येतो आणि सोमवारी आपल्या नोकरीवर जातो. बँडवाल्याचे पोट पंचांगावर. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्नाचे मुहूर्त थांबतात, ते तुळशीचे लग्न लागेपर्यंत. मधल्या काळात गणपतीच्या मिरवणुकीचा आधार. तिथेही डीजेच्या भिंती उभ्या. हंगामी कामाचे दुःख या पट्ट्यात कोणाला समजावून सांगायचे? आमच्या बसमध्येच कितीतरी कंत्राटी. गेटपास कधी परत मागतील याचा नेम नाही. पण घरात लग्न निघाले की हीच मंडळी बँडवाल्याशी पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात, आणि ड्रोन उडवणाऱ्याला मुकाट्याने मागेल ते मोजतात!

"पण बेसूर वाजवतात हो," स्नेही म्हणाले. वाजवतात कधी कधी. मात्र गाडीवर कर्णे लावा, आवाज चढवा, हा हट्ट कोणाचा? पलीकडच्या वरातीतल्या डीजेशी आठ-दहा माणसांच्या फुप्फुसांची झुंज आपणच लावायची, आणि वर सूर शोधायचा!

तुळशीचे लग्न आता जवळ आले आहे. घरी कार्य असेल तर बँड आणा, ठरलेले पैसे वाजवण्याआधी द्या, आणि पाठवणीच्या गाण्यापुरते ते कर्णे बंद करायला सांगा.