वाचनालयांचा जमाखर्च

सार्वजनिक वाचनालये यापुढे एखाद्या उद्योगसंस्थेप्रमाणे चालवावीत, हा विचार आता परिसंवादांपुरता उरलेला नाही. वाचकाला ग्राहक मानावे, रोज किती माणसे आली याचा आकडा ठेवावा, दर पुस्तकामागे होणारा खर्च काढावा आणि ज्या शाखेचे आकडे तिच्या खर्चाला साजत नाहीत, तिचा फेरविचार करावा, असा त्याचा थोडक्यात आशय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड परगण्याने तर १९९७ साली आपल्या वाचनालयांचा कारभार एका खासगी कंपनीकडे सोपविला. असले वारे इकडे यायला वेळ लागत नाही. ते पेडणे आणि डिचोली तालुक्यांपर्यंत येण्यापूर्वीच त्यातले धान्य कोणते आणि फोलकट कोणते, हे पाखडून घेतलेले बरे.

चोख कारभाराला आमचा विरोध नाही. ग्रंथालयाचे खरे धुरीण कारभाराच्या बाबतीत कोणत्याही व्यापाऱ्याहून कमी दक्ष नव्हते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून आपल्या संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. डॉ. रंगनाथन यांना आपल्या वर्गीकरणपद्धतीची कल्पना सुचली, तीही लंडनच्या सेल्फ्रिजेस या दुकानात मांडलेले मेकॅनोचे खेळणे पाहून. दुकानाकडून शिकण्यात कमीपणा नाही. पण रंगनाथन दुकानातून एक युक्ती घेऊन आले, दुकानदारी घेऊन आले नाहीत. १९३१ साली त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचविण्याचा दंडक आहे. तसाच प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, असाही दंडक आहे. व्यवस्थापनाची भाषा बोलणारे पहिला उचलतात आणि दुसरा सोयीस्करपणे विसरतात.

दुकानाचा धर्म वेगळा आहे. जो माल खपत नाही तो दुकानदार ठेवीत नाही आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याची वाट पाहत नाही. त्यात त्याचा दोषही नाही. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. तेथील व्यवस्थापकाने आलेल्या-गेलेल्या प्रवाशांची मोजदाद करावी, हे योग्यच. जो कधी विमानात बसणार नाही, त्याची चिंता करणे हे त्याचे काम नव्हे. वाचनालयाचे काम मात्र तेथूनच सुरू होते. ज्याला पुस्तक विकत घेणे परवडत नाही, ज्याच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, जिला गावाबाहेर पडण्याची मुभा नाही, त्यांच्यासाठी समाजाने ही संस्था उभी केली आहे. असा वाचक आकड्यांत कमी दिसतो म्हणून शाखा बंद करणे म्हणजे रोगी अशक्त झाला म्हणून त्याचे औषध थांबविणे होय.

केवळ आकड्यांवर विसंबण्याचा धडा डिचोली तालुक्याला कोणी नव्याने शिकवायला नको. येथे वर्षानुवर्षे खनिजाचे टन मोजले गेले, ट्रकच्या खेपा मोजल्या गेल्या. शिरगावच्या विहिरींचे पाणी आणि शेतांत साचलेला गाळ यांना त्या वहीत रकानाच नव्हता. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा त्या न लिहिलेल्या रकान्याची बेरीज साऱ्यांच्या समोर आली. वाचनालयाच्या वहीतही असेच घडू शकते. स्पर्धा-परीक्षांच्या उमेदवारांनी खुर्च्या भरल्या की उपस्थितीचा आकडा फुगतो. त्या मुलांना जागा मिळालीच पाहिजे. परंतु त्याच वेळी कपाटातील कथा, चरित्रे आणि बालवाङ्मय कोणाच्याही हाती लागत नसेल, तर तो आकडा यशाचा म्हणता येणार नाही.

शिवाय या भूमीत वाचनाचा इतिहास साधा नाही. १८३२ साली पणजीत सरकारी ग्रंथालय स्थापन झाले. आजचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. परंतु राज्यकर्त्यांच्या भाषेतील ते भांडार नव्या काबिजातींतील मराठी वाचकाला दूरचेच होते. तेरेखोलपलीकडे सावंतवाडीत १८५२ पासून वाचनालय नांदत होते. अलीकडे सालाझारशाहीत साध्या निमंत्रणपत्रिकेलाही तपासनिसाची संमती लागे. अशा काळात लोकांनी वर्गणी काढून, देवळाच्या आणि शाळेच्या आसऱ्याने पुस्तके जपली. त्यांनी नफातोटा पाहिला असता, तर १९६१ साली मुक्त झालेल्या गोव्याच्या हाती मराठी पुस्तकांचा वारसा फारसा लागला नसता.

मग सुधारणा नकोत काय? अवश्य हव्यात, आणि त्या आजच हव्यात. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार सुटतो तेव्हा वाचनालयाचे दार उघडे असले पाहिजे. दरवर्षी पुस्तकांची मोजणी व्हावी, फाटक्यांची बांधणी व्हावी आणि नवी पुस्तके महिनोन्महिने गठ्ठ्यांत पडून राहू नयेत. ग्रंथपाल प्रशिक्षित आणि कायम नेमणुकीचा असावा. कंत्राटाने आलेल्या आणि कंत्राटाने जाणाऱ्या माणसाला गावातील वाचक ओळखीचा होणार तरी कधी? हरमल, कोरगाव, मये, नार्वे अशा गावांकडे सयाजीरावांच्या पद्धतीने पुस्तकांची पेटी जावी. आणि प्रत्येक तालुका वाचनालयाने वर्षाअखेर आपला अहवाल लोकांपुढे ठेवावा. त्यात किती आले यापुढेच, कोणत्या गावांतून कोणीच आले नाही, हेही लिहावे.

पैशाची सबब सांगता येणार नाही. गोव्याच्या १९९३ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात मद्य आणि बिअर यांवरील अधिभाराच्या रूपाने ग्रंथालय कराची तरतूद आहे. गोव्यात या दोहोंच्या खपाची चिंता करण्याचे कारण नाही! त्या कराचे किती रुपये जमले आणि त्यांतले किती पेडणे-डिचोलीच्या कपाटांपर्यंत पोहोचले, हा हिशेब सरकारने प्रथम द्यावा. वाचनालयांना व्यापारी शिस्तीचे धडे देऊ पाहणाऱ्यांनी तिची सुरुवात या वहीपासून करावी, एवढेच आमचे मागणे आहे.